ताकास तूर लागू न देणारा पंडित

भयकथेत एक माणूस हमखास भेटतो. वाड्यात काहीतरी बिनसलंय हे त्याला इतरांच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. खोलीभर पोथ्या, टेबलावर भिंग आणि तोंडाला कुलूप. नायिका काकुळतीला येऊन विचारते, "तिथे नेमकं आहे तरी काय?" आणि हा गृहस्थ चष्मा पुसत म्हणतो, "अमावास्या उलटू दे, मग बोलू." वाचक चडफडतो. अमावास्या उलटेपर्यंत दोन माणसं गेलेली असतात. तरीही या पंडिताला कथेतून उचलून बाहेर ठेवा, उरलेल्या भुताला कुणी भीक घालणार नाही. एवढा शिकलेला, थंड डोक्याचा माणूस ज्याच्याबद्दल बोलायला राजी नाही ते प्रकरण साधं नसणार, हे वाचकाला त्याच्याकडूनच कळत असतं.

या माणसाच्या मनाची घडण कशी असते, तो असा का वागतो आणि त्याला कागदावर उभं करताना लेखक कुठे घसरतात, हे जरा सुटं करून पाहू. उदाहरणं बरीचशी गोव्यातली घेतो. मी इथला, हे एक कारण. दुसरं असं की चार-पाच लिप्यांतले कागद, हरवलेली दप्तरं आणि घराण्याघराण्यांनी जपलेली गुपितं एवढ्या लहानशा मुलखात एकत्र सापडणं दुर्मीळ.

पहिली गल्लत ही की हा माणूस अबोल असतो. नवा लेखक त्याला कोपऱ्यात बसवतो, दाढी देतो आणि 'हं', 'असू दे' एवढेच संवाद देतो. मानसशास्त्रात अंतर्मुखता हा स्वभावाचा एक पैलू मानतात. अशा माणसाला गर्दीचा शीण येतो, एकटं असलं की बरं वाटतं. पण त्याला त्याच्या आवडीच्या विषयावर छेडून बघा, तासभर तरी सुटका नाही. आपल्या पंडिताचं नेमकं उलट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, भावावरून घासाघीस करील, जत्रेतल्या नाटकाच्या तालमीला जाऊन पोरांचे उच्चार सुधारील, कुणाच्या लग्नात पंगत संपली तरी गप्पा मारत बसेल. विषय त्या एका जागेकडे सरकला की ओघ न तुटता बोलणं दुसरीकडे वळतं. आपल्याला वळवलं गेलंय हे समोरच्याला घरी पोचल्यावर कळतं.

म्हणून त्याला भरपूर बोलू द्यावं. एक प्रसंग रचून बघू. समजा, डिचोलीत एक निवृत्त मास्तर आहेत, मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे. लोक त्यांना नुसतं भाई म्हणतात. आसपासच्या गावातली एक मुलगी घरच्या माळ्यावर सापडलेला कागद घेऊन येते.

"भाई, आजोबा म्हणायचे हा कागद १७६० चा आहे."

"तेव्हा डिचोलीत पोर्तुगीज होते कुठे? ते इथे आले १७८० नंतर. हा त्या पुढचा." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "बोट लावू नकोस हां. पोर्तुगीज मजकुराची शाई हिराकशीची आहे, ती कागद खाते. बघ, अक्षरांच्या जागी भोकंच उरलीत."

"पण समासातली मोडी चांगली दिसतेय."

"ती काजळाची शाई. तिला काही होत नाही."

"काय लिहिलंय तिथे? तळीचं काहीतरी आहे ना?"

"बाय, चहा घेशील ना? साखर कमी चालेल?"

"घेते. भाई, आमच्या तळीत मागच्या तिन्ही पिढ्यांत घरातलं एकेक माणूस गेलंय."

"तळीचं पाणी अजून काढता?"

"बागेपुरतं."

"पंप कोण लावतं?"

"धाकटा भाऊ. संध्याकाळी, क्लासवरून आला की."

"उद्यापासून तू लाव. सकाळी, ऊन चढल्यावर." भाईंनी कागद टिपकागदात सरकवला. "आणि हा माझ्याकडे राहू दे. पावसाळी हवेत तुमच्या माळ्यावर टिकायचा नाही."

या चार ओळींत भाईंचा सगळा स्वभाव आहे. सालाची चूक त्यांना सहन झाली नाही, ती त्यांनी ताबडतोब दुरुस्त केली. कागदाच्या जिवाची काळजी माणसाच्या काळजीआधी आली. मुख्य प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, उलट भाईंनीच दोन प्रश्न विचारून हवी ती माहिती काढून घेतली. सूचना दिली, कारण दिलं नाही. आणि शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं: ते एकही शब्द खोटं बोलले नाहीत. हिराकस आणि मायफळ यांची शाई दमट हवेत कागद पोखरते हे शंभर टक्के खरं. माळ्यावर कागद टिकणार नाही हेही खरं. पण तो ठेवून घेण्याचं खरं कारण वेगळं आहे.

अभ्यासकाचा अहंकार त्याला खोटं बोलू देत नाही. त्यामुळे लपवण्यासाठी त्याच्याकडे एकच हत्यार उरतं: खऱ्या गोष्टींची निवड. कोणती खरी गोष्ट आत्ता सांगायची आणि कोणती दाबून ठेवायची, यात तो इतका मुरलेला असतो की पुढे त्याला कुणी "तुम्ही फसवलंत" म्हटलं, तर मनापासून वाईट वाटतं. आपण फसवलं असं त्याला वाटतच नसतं. हा गंड पकडला की पात्र जिवंत होतं. तो सोडून नुसता गूढपणा दिला, की ते पात्र म्हणजे चालतंबोलतं धुक्याचं यंत्र.

आता तो असा का झाला? याला एक उत्तर नाही आणि चांगल्या कथेत ते एक नसावंच.

एक कारण व्यवसायाचं आहे. मोडी वाचणाऱ्याला विचारा. शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळलेला नाही, लेखनिकाच्या हाताला वळण त्याच्या मर्जीचं. एकाच ओळीची दोन वाचनं होऊ शकतात आणि जमिनीच्या दाव्यात दुसऱ्या वाचनाने कुणाचं तरी भाट, म्हणजे माडांची बाग, हातचं जाऊ शकतं. असं काम वर्षानुवर्षं करणारा माणूस 'बहुधा' आणि 'तूर्तास' हे शब्द जिभेच्या टोकावर ठेवूनच बोलतो. खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही त्याची नीती असते. भयकथेत घात होतो तो इथेच, कारण खात्री व्हायला आणखी एक मृत्यू लागतो.

दुसरं कारण टवाळीचं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. पाठीमागे कोसळणारी बाई आणि तिच्यावर दोन्ही हात रोखून उभा असलेला झगेवाला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. रात्री मांडवीवरून फिरून येणारे पाहुणे तो बघून दचकतात आणि मग 'हा कोण मांत्रिक' म्हणून विचारतात. फारिया मांत्रिक नव्हते, किंबहुना त्याच्या नेमके विरुद्ध टोकाचे होते. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला हा पाद्री १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी अदृश्य प्रवाह निघतो, असं त्या काळी भलेभले मानत. फारिया सांगत की माझ्या अंगात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. हातचं काहीही न राखता त्यांनी आपल्या विद्येचं मर्म उघड केलं. बदल्यात काय मिळालं? १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर त्यांची टर उडवणारं प्रहसन आलं आणि लोकांनी पाठ फिरवली. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षी ते वारले. सूचनेच्या जोरावर संमोहन घडतं, हा त्यांचा विचार पुढच्या पिढ्यांनी मान्य केला, पण तोवर ते थडग्यात होते.

आता असा अनुभव घेतलेला एक काल्पनिक अभ्यासक डोळ्यांपुढे आणा. त्याने तिशीत एकदा सगळं उघड सांगितलं होतं, भर परिसंवादात. लोक हसले. विभागप्रमुखांनी बाजूला घेऊन प्रकृतीची चौकशी केली. साठीत तो गप्प बसतो याला गूढपणा म्हणायचं कारण नाही. त्याला पुन्हा हसं करून घ्यायचं नाही, बस्स. लेखकाने ही जुनी जखम एखाद्या ओळीत, जाता जाता दाखवली तरी काम भागतं. तीन पानांचा पूर्वेतिहास नको.

तिसरं कारण आपल्याकडे जास्त ओळखीचं आहे. विद्याच अटीवर मिळालेली असते. डिचोली-सत्तरीकडच्या गावांत देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, घालायचा मान ठरावीक माणसाकडे असतो आणि तो कुणीही उठून घालत नाही. धालो या नाचगाण्याच्या उत्सवातली गाणी बायका पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, म्हणतात. तीच गाणी भर दुपारी, टेपरेकॉर्डर समोर ठेवून म्हणा म्हटलं, तर जाणती बाई हसून विषय बदलते. तिला येत नाहीत असं नाही. ती जागा नव्हे, ती वेळ नव्हे. विद्यापीठातून आलेल्या पोराला हे आडमुठेपण वाटतं, पण त्या ज्ञानाचा तो नियमच आहे: कुणी, कुठे, कधी म्हणायचं हेही मजकुराइतकंच महत्त्वाचं. त्यामुळे भयकथेतला पंडित दरवेळी कोट घातलेला पुरुषच असला पाहिजे असं मुळीच नाही. मांडावरची आजी हे पात्र कितीतरी दमदार होईल. तिच्याकडे एकही कागद नाही, त्यामुळे तिच्याकडून चोरताही काही येत नाही.

(जाता जाता एक. साळ गावात शिमग्याच्या दिवसांत गड्यांची जत्रा असते. भार आलेले, म्हणजे अंगात आलेले, गडे रात्री रानाकडे धावतात आणि देवचार मशालीच्या उजेडाने त्यांना वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. हल्ली कुणीही उठतो आणि 'गोव्यातली भयानक रात्र' म्हणून हे विकतो. देवचार गावाचा राखणदार आहे, त्याला सैतान करून टाकणाऱ्या लेखकाने निदान एकदा तिथल्या माणसांशी बोलावं.)

चौथं कारण सगळ्यात जड: पूर्वी कुणाला तरी सांगितलं होतं आणि तो माणूस गेला. हे कारण फार वापरून गुळगुळीत झालंय, तरी ते टाळता येत नाही, कारण त्यात खरोखरचा पेच आहे. न सांगितल्याने माणूस मरू शकतो तसा सांगितल्यानेही मरू शकतो. १९८१ मध्ये निघालेल्या 'कॉल ऑफ क्थुलू' या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात हा पेच चक्क गणितात बसवला आहे. खेळातल्या पात्राच्या मनाच्या स्थैर्याचे गुण मोजले जातात. त्या निषिद्ध विद्येचं ज्ञान जितकं वाढेल तितकी त्या गुणांची कमाल मर्यादा खाली येते: ९९ वजा ज्ञानाचे गुण. ज्ञान १५ झालं की मन कितीही सावरलं तरी ८४ च्या वर जाणार नाही. बरं झाल्यावरही ती मर्यादा परत चढत नाही. आता पंडिताच्या जागी बसून विचार करा. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे तिच्या मनाचं छप्पर कायमचं चार बोटं खाली आणणं. न देणं म्हणजे तिला तळीच्या काठावर आंधळं सोडणं. तो तिसरी वाट काढतो: कारण न देता सूचना. पंप सकाळी लाव. पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस. आपल्या आज्या हेच करत आल्यात आणि आपण 'का' विचारलं की पाठीत धपाटा मिळायचा.

आता मनाच्या आतली यंत्रणा बघू. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या ग्रंथात मनाच्या बचावाच्या ज्या तऱ्हा मांडल्या, त्यांत बौद्धिकीकरण ही एक आहे. सोप्या भाषेत: जी गोष्ट सोसवत नाही तिचा अभ्यास करायला घ्यायचा. दुःख किंवा भीती अंगावर येण्याआधी तिची टिपणं काढायची, कालक्रम लावायचा, वर्गीकरण करायचं. घरात मयत झाल्यावर एखादा काका रडत नाही, तो यादी करत बसतो. त्यातलाच हा प्रकार. आपला पंडित तळीतल्या मृत्यूंचा तक्ता करतो: साल, तिथी, वय, कितव्या पायरीवर. तक्ता होईपर्यंत त्याचा हात थरथरत नाही. पण त्याच तक्त्यात एक नाव त्याच्या ओळखीचं असेल, तर त्या ओळीचं अक्षर किंचित मोठं येतं, किंवा तिथे तिथीच लिहिलेली नसते. अशा बारीक जागांवर लेखकाने लक्ष द्यावं. भीती दाखवायला किंकाळीची गरज नाही, एक रिकामा रकाना पुरे.

दुसरी गोष्ट गुपिताच्या ओझ्याची. आपल्याला वाटतं, गुपित जड होतं ते लोकांपासून लपवताना. मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळंच दिसलं. बोलताना लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. माणूस एकटा असताना मन पुन्हा पुन्हा गुपिताकडे जातं आणि अस्वस्थतेचं नातं दिसतं ते या जाण्याशी. त्याआधी १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी एक गमतीदार प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा अस्वल आणखी जोरात आलं.

भयकथेच्या लेखकाला हे दोन्ही निष्कर्ष सोन्यासारखे आहेत. हातचं राखणाऱ्या पंडिताचा खरा छळ चारचौघांत होत नाही, तिथे तो सराईत असतो. त्याला एकटा सोडा. रात्री जेवण झालंय, वीज गेली आहे, टिपकागदात ठेवलेला कागद कपाटात आहे आणि त्याला तो आठवायचा नाही. तो रेडिओ लावतो, शब्दकोडं घेतो, भांडी घासून टाकतो. कपाटाकडे बघत नाही. वाचकाला मात्र आता कपाटाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

गोव्याच्या इतिहासाने या स्वभावाला चांगलंच खतपाणी घातलंय. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली जात असताना लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अशी कामं गाजावाजा करून होत नसतात. कुणी उचलले, कुठल्या वाटेने नेले, मागे कोण राहिलं, हे ठाऊक असलेल्यांनी तोंड मिटून ठेवलं म्हणून देव पोचले. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. बंद झालं तेव्हा त्याचे बहुतेक कागद जाळले गेले. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, पण त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. ज्या मुलखात बोलण्याने घर जात होतं आणि लिहिलेलं जळत होतं, तिथे गप्प राहणं हा स्वभाव न राहता घरची रीत होते. तुमच्या पंडिताने मौन पुस्तकांतून शिकलेलं नसेल, कदाचित आजीकडून घेतलेलं असेल. असं दाखवलं तर त्याची मुळं मातीत जातात.

मात्र खऱ्या अभ्यासकांवर अन्याय नको. गोव्यातलं दफ्तर दिओगु द कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने १५९५ मध्ये लावायला घेतलं आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४–१९६९) त्यातले कागद शोधून, वाचून, छापून लोकांपुढे ठेवण्यात हयात घालवली. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून वाचकांसाठी आहे. खरा संशोधक सापडलेलं सांगायला उतावीळ असतो, कारण न छापलेलं संशोधन झालंच नाही असं त्याच्या जगात धरतात. म्हणजे भयकथेतला हातचं राखणारा पंडित हा आपल्या व्यवसायाचा मूळ धर्म मोडत असतो. त्याला ते बोचतं. मला तर वाटतं, भुतापेक्षाही हीच त्याची मोठी शोकांतिका आहे: आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध हातात आहे आणि तो छापता येत नाही.

तंत्राची एक बाब. ही कथा पंडिताच्या तोंडून सांगू नये. तो 'मी' म्हणून बोलू लागला की त्याच्या डोक्यातलं सगळं वाचकाला मिळायला हवं. ते लपवलं तर वाचकाला लेखकानेच फसवल्यासारखं वाटतं. भयकथाकार नारायण धारपांनी 'समर्थ' या आपल्या नायकाच्या कथा त्याच्या सोबत्याकडून, अप्पांकडून वदवल्या त्या उगीच नाहीत. निवेदक जवळचा हवा, थोडा कमी जाणणारा हवा आणि त्याला प्रश्न पडत राहायला हवेत. इंग्रजीत एम. आर. जेम्स हे स्वतः हस्तलिखितांच्या सूच्या करणारे विद्वान. त्यांचा पहिला भयकथासंग्रह १९०४ चा. १९२९ मधल्या एका लेखात त्यांनी भुताच्या गोष्टीत हात आखडता ठेवावा असा आग्रह धरला होता. रक्तमांसाचा चिखल त्यांना पसंत नव्हता. लेखक आणि पात्र दोघांनीही एकच पथ्य पाळलं की गोष्ट आपोआप घट्ट होते.

सगळ्यात चिडवणारा प्रश्न उरलाच: "आधीच सांगितलं असतं तर?" यावर एकच कसोटी आहे. न सांगण्याच्या प्रत्येक वेळी, त्या क्षणी, त्याच्या जागी शहाण्या वाचकानेही कदाचित तेच केलं असतं असं वाटलं पाहिजे. भाईंनी पहिल्या दिवशी मुलीला सांगितलं नाही, ठीक आहे. समासातल्या मोडीची दोन वाचनं होत होती. दुसऱ्या वेळी भाऊ आजारी पडला, तरी भाई गप्प, कारण तिची आई शेजारी बसली होती. तिसऱ्या वेळी मात्र कारण उरत नाही आणि तरी ते गप्प राहतात. हे तिसरं मौन पापाचं. कथा इथे वळते. पहिल्या दोन मौनांना कारण दिलं नाही तर तिसऱ्याला वजन येत नाही, आणि तिसरंही समर्थनीय करून टाकलं तर भाई देवमाणूस होतात आणि कथा मरते.

तो अखेर बोलतो तेव्हा कसा बोलतो? बहुतेक ठिकाणी इथे भाषण येतं: दोन पानं, सगळा उलगडा, बाहेर विजांचा कडकडाट. असं होत नाही हो. ज्याने तीस वर्षं एक गोष्ट गिळून ठेवली तो ती सुरुवातीपासून सांगूच शकत नाही. तो मधूनच सुरू करतो, भलत्याच तपशिलावर अडकतो, पायऱ्या नऊ होत्या की अकरा यावर स्वतःशीच वाद घालतो. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा भरकटला. मुद्द्याची ओळ त्या सगळ्यात एकदाच येते, तीही बाकीच्यांइतक्याच सपाट आवाजात.

आणि मग लेखक त्याला मारून टाकतात. मधल्या भागात, रात्री, एकटा. सकाळी उघडी खिडकी, जमिनीवर चष्मा आणि सोयीची डायरी. हा मार्ग मला पटत नाही. पंडित मेला की त्याला जाब विचारणारं कुणी राहत नाही आणि डायरी म्हणजे लपवून ठेवलेलं सगळं फुकटात मिळवण्याची युक्ती. त्याला जगू द्यावं. मुलीच्या आईने त्याच्या घरी यावं, चहा नको म्हणावं आणि विचारावं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" या प्रश्नाला टाळायला त्याच्याकडे एकही खरी गोष्ट शिल्लक नसते. पुढे त्याने कागद रीतसर नोंद करून अभिलेखागाराला दिला, म्हणजे अर्ज करणाऱ्या कुणालाही तो बघता येईल, तर त्याच्या स्वभावापुरती ती क्रांतीच झाली. कागद मागणारा पहिला अर्जदार कोण असेल, एवढं मात्र लेखकाने लिहायला बसण्याआधी ठरवून ठेवावं.